लाल अक्षरांचं कार्ड

निगाता
८ फेब्रुवारी १९६२

मित्सुए वहिनींना रेइजीचा वाकून नमस्कार.

इकडे बर्फ गुडघ्याच्या वर आहे. काल रस्त्यात एक बाई छत्री उलटी धरून तिच्यात मुळे भरून चालली होती. डोक्यावर बर्फ पडतंय आणि छत्रीत मुळे! तुमच्या खानावळीतला रश्श्यातला मुळा आठवला. पण ते राहू दे, मी दुसरंच लिहायला बसलोय.

कुनिमोतो दादा दहा मार्चला तुरुंगातून सुटतील. चार वर्षांपूर्वी आत जाताना ते मला म्हणाले होते, "वहिनीकडे लक्ष ठेव." शरदात धक्क्यावरच्या मारामारीत मी त्या माणसाचा कान उतरवला नसता, तर आपल्या टोळीच्या ओदागिरी बाबांनी मला गावाबाहेर काढलं नसतं, आणि मी लक्ष ठेवत राहिलो असतो. आता पाच महिने झाले, या बंदरातून त्या बंदरात फिरतोय. प्रत्येक ठिकाणी आपल्यासारख्यांचं एक घर असतं. दारात उभं राहून गाव, नाव, घर सांगायचं, मग ते आत घेतात.

इथे इवाशितांच्या घरी उतरलो. रीतीप्रमाणे दोन वाट्या भात खाल्ला. मासा खाऊन काटे कागदात गुंडाळून खिशात घातले, ताटात काही ठेवलं नाही. तुम्हाला रीत माहीत आहे. ज्याचा भात खाल्ला, त्याचं भांडण आपलं.

चौथ्या दिवशी इवाशितांनी बोलावलं. मासळीबाजारातला तोयाबे नावाचा म्हातारा त्यांना नकोसा झालाय. एक मार्चला दुपारी तो आपला नवा बर्फाचा कारखाना उघडणार आहे. ते म्हणाले, "तिथे काम उरकायचं. पाहुणा तूच आहेस." मी खाली बघून 'हो' म्हणालो. दुसरं काही म्हणता येत नाही.

मी तोयाबेला ओळखतही नाही. परत आलो तर पंधरा वर्षं आत, नाही आलो तर तिथेच. दादांना सांगा, रेइजीने त्यांना मान खाली घालायला लावली नाही. पत्र लिहिलंत तर निगाता डाकघरात ठेवायला सांगा, इवाशितांच्या घरी नको.

तुमचा दीर
रेइजी


वाकामात्सू
१२ फेब्रुवारी

रेइजी,

'वहिनी' आणि 'दीर' कुणाला दाखवायला लिहिलंस? टपाल आता मीच डाकघरातून आणते, मध्ये कुणी उघडत नाही. नीट लिही.

कुनिमोतोने खानावळ घालून दिली म्हणून मी त्याची झाले. तुझी का झाले याला काहीच कारण नाही, म्हणून तर ते सुटत नाही. तू गेल्यापासून मी दोन माणसांचा रस्सा करते आणि एक वाटी फेकून देते. गिऱ्हाइकं म्हणतात, "मित्सुएबाई, मीठ जास्त झालंय." म्हटलं, खायचं तर खा.

दोन वाट्या भातासाठी माणूस मारणार? अरे गाढवा, तुला भातच हवा होता तर मी घातला नसता का आयुष्यभर?

पळ. आज, आत्ता. मला कळव कुठे, मी येते. कुनिमोतो सुटायच्या आत आपण या लोकांच्या नजरेपलीकडे गेलो नाही तर मग कधीच नाही. तू माणूस मारलास की मला पंधरा वर्षं त्याच्याच घरात काढावी लागतील, हे तुझ्या डोक्यात शिरतंय का?

मि.


निगाता
१६ फेब्रुवारी

मित्सुए,

डाकघरातच उभ्या उभ्या वाचलं. खिडकीमागचा कारकून म्हणाला, "वाईट बातमी?" म्हटलं, "नाही, शिव्या आहेत." तो म्हणाला, "मग बायकोचं असणार." तिथून मी स्टेशनपर्यंत चालत गेलो आणि परत आलो. वाटेत एका न्हाव्याच्या दुकानात शिरलो, दाढी नव्हतीच फारशी.

पळता येत नाही. इथे मी दादांच्या चिठ्ठीवर उतरलोय. तुरुंगातून त्यांनी वकिलाकडून पाठवलेली चिठ्ठी. मी पळालो तर माणूस गेला रेइजी, पण नाव गेलं कुनिमोतोचं. मी त्यांची बायको आधीच घेतलीय. नाव पण घेऊ?

या कामातून पाहुणा सुटतो तो एकाच तऱ्हेने. त्याच्या स्वतःच्या घराने त्याला हाकलून दिलं आणि तसं कार्ड छापून देशभरातल्या घरांना धाडलं तर. मग त्याला कुणी घास घालायचा नाही, काम सांगायचं नाही. काळ्या शाईचं कार्ड असेल तर माणूस कधीतरी परत येऊ शकतो. लाल शाईचं असेल तर तो मेला. लाल कार्ड निघतं ते पोलिसांना खबर देणाऱ्याचं, नाहीतर तुरुंगात असलेल्या मानलेल्या भावाच्या बाईला हात लावणाऱ्याचं. म्हणून सांगतो, आपलं काही म्हणजे काही बाहेर जाऊ देऊ नकोस. मी मेलो तरी चालेल, पण लाल अक्षरांत नको. माझी आई अजून जिवंत आहे, गावात तिला लोक कार्ड दाखवतील.

इथे समुद्र काळा दिसतो. आपल्याकडचा तेलकट असतो, पण काळा नाही.

रेइजी


वाकामात्सू
२० फेब्रुवारी

रेइजी,

उद्या मी बाबांच्या घरी, आईसाहेबांकडे जातेय. त्यांच्याकडे कोबीचं लोणचं घालायचंय, हात कमी पडतात. ओदागिरी बाबाही घरी असतात दुपारचे.

तुझं पत्र मी सात वेळा वाचलं. कार्डाबद्दलचा भाग तर पाठ झाला.

मी जे करीन त्याचा राग आला तर ये, आणि समोर उभा राहून ओरड. ओरडायला माणूस जिवंत लागतो, एवढंच.

मि.


निगाता स्टेशन
२६ फेब्रुवारी

मित्सुए,

कार्ड आलं. लाल.

सकाळी इवाशितांनी हाक मारली. आज त्यांनी मला बसायला सांगितलं नाही. कार्ड चटईवर माझ्याकडे सरकवलं. छापलेलं होतं, वर वसंताच्या शुभेच्छा, मग ऋतू, मग आपल्या सगळ्यांच्या प्रकृतीची चौकशी, आणि खाली माझं नाव लाल अक्षरांत. 'यापुढे या व्यक्तीशी आमच्या घराचा कसलाही संबंध नाही.' इवाशिता म्हणाले, "वाचता येतं ना?" म्हटलं, "येतं." "मग दार कुठे आहे तेही माहीत असेल." नोकराने माझे बूट बाहेर बर्फात ठेवले, तोंड रस्त्याकडे करून.

कोणी केलं हे? मी पोलिसांना काय सांगितलं? तू तर काही बोलली नाहीस ना? तू कशाला बोलशील. तो भोचक नाकायामा असणार, त्याने आपल्याला उन्हाळ्यात बंधाऱ्यावर बघितलं होतं, आठवतं? मी म्हटलं होतं तुला.

ऐक, मी ठरवलंय. जुने लोक सांगतात, हाकललेल्या माणसाने अंगावर घेतलेलं काम तरीही पुरं केलं तर लाल शाई काळी होते. असं एकदा झालंय म्हणे, ओसाकाकडे. मी एक तारखेला तोयाबेकडे जाणार. इवाशिताने सांगितलं म्हणून नाही, माझं नाव धुवायला. सुरा माझाच आहे, तो त्यांनी काढून घेतला नाही.

तुझं पत्र असेल तर एक तारखेला सकाळी डाकघरात बघेन. त्यानंतर लिहू नकोस.

रेइजी


वाकामात्सू
२६ फेब्रुवारी

रेइजी,

हे तुला एक तारखेच्या आत मिळू दे, एवढंच मागते.

कार्ड मी काढायला लावलं.

आईसाहेब कोबीला मीठ लावत होत्या. मी म्हटलं, "रेइजी आणि मी, कुनिमोतो आत गेल्यावर दुसऱ्या उन्हाळ्यापासून." त्यांनी हात थांबवला नाही. म्हणाल्या, "मला माहीत होतं. तू न सांगितल्यामुळे आजपर्यंत सगळ्यांची झोप नीट होती. आता का सांगतेस?"

"लाल कार्ड हवंय."

तेव्हा मात्र त्यांनी वर बघितलं. "चाळीस वर्षं या घरात आहे. बाया येतात, पायावर पडतात, लालचं काळं करा म्हणून. लाल मागायला आलेली तू पहिलीच. काळ्याने भागत नाही?"

म्हटलं, "काळं गेलं तर इवाशिता त्याला म्हणेल, काम कर, मी तुला घरात परत घ्यायला लावतो. आणि तो करेल. तो तसाच आहे."

"गाढव आहे."

"हो."

मग त्या मला बाबांकडे घेऊन गेल्या. बाबांनी सगळं ऐकून माझ्याकडे न बघताच छापखानेवाल्याला बोलावणं धाडलं. त्यानंतर रीतीप्रमाणे आईसाहेबांनी माझे केस कापले. कात्रीनेच, पण मानेपाशी. खानावळ बंद केली. आता मी त्यांच्या मागच्या खोलीत आहे, कुनिमोतो सुटेपर्यंत; हे पत्रही त्यांची लाँड्रीवाली बाई लपवून नेऊन टाकणार आहे. त्याने येऊन माझं काय करायचं ते ठरवायचं.

तुझी आई कार्ड बघेल. तिच्यापुढे मी जाऊन डोकं टेकवीन. पण लाल नावाची का होईना, तिला तुझी बातमी जिवंत माणसाची मिळेल.

तू म्हणशील, मी तुला मारलं. मारलंय. आता तू कुणाचाच नाहीस, तुला कुणी काम सांगू शकत नाही. तोयाबेला मारायचं एकही कारण उरलेलं नाही. नवीन शोधून काढू नकोस, तुला मी ओळखते.

मित्सुए


अकिता
३ मार्च

मित्सुए,

तुझं पत्र एक तारखेला डाकघर उघडताच मिळालं. वाचलं. पायरीवर बसून परत वाचलं. आणि तरीही गेलो. आधी ते कबूल करतो.

एवढा राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता. चालताना तुझ्याशी मोठ्याने भांडत होतो, लोक बाजूला होत होते.

बर्फाच्या कारखान्यापुढे पताका लावल्या होत्या. तोयाबे गळ्यात पंचा टाकून दारातच उभा होता, येणाऱ्याजाणाऱ्याला हाताने साके ओतत. इतका बुटका की मला आधी दिसलाच नाही. मी समोर गेलो, पाय फाकवले, कमरेत वाकलो, उजवा हात पुढे, तळवा वर. वार करायच्या आधी नाव सांगायचं, नाहीतर तो खून, काम नव्हे. मी सुरुवात केली. "जन्म क्यूशूचा, गाव वाकामात्सू, बंदराच्या वाऱ्यात वाढलो. नाव रेइजी. घर..."

आणि थांबलो.

म्हातारा म्हणाला, "हां, बोल की. घर?"

मी परत पहिल्यापासून म्हटलं. परत तिथेच अडलो.

त्याने पंच्याखालून कार्ड काढलं. त्याच्याही घराला आलं होतं, सगळ्यांना जातं. म्हणाला, "तूच ना हा? छपाई चांगली केलीय हो तुझ्या बाबांनी." मग गंभीर झाला. "लेका, मला साठ वर्षांत तीनदा मारायला आले. तिघांनी घराचं नाव सांगितलं. तू मारलंस तर माझ्या पोरांनी काय सांगायचं, बापाला कोणी मारलं? रस्त्यावरच्या कुत्र्याने?"

लोक हसले. मित्सुए, मी त्याच्यावर सुरा चालवू शकलो असतो, हातभर अंतर होतं. पण तोंडातून तो शब्द येईना आणि शब्दाशिवाय हात उठेना. मी तिथेच बर्फात बसलो आणि रडलो. कार्ड वाचून नव्हतो रडलो.

त्याने मला साके पाजलं नाही. मासळीच्या ट्रकमध्ये बसवलं आणि ड्रायव्हरला म्हणाला, "याला अकितात उतरव. इवाशिताच्या लोकांना हसू आवरलं की ते याला शोधतील."

तू बरोबर होतीस. लिहायला जड जातंय.

मी आओमोरीहून बोटीने हाकोदातेला जातो. समुद्रापलीकडे, तिथे आपली घरं कमी आहेत. हे पत्र तुला लाँड्रीवाल्या बाईच्या नावाने पाठवतोय, ती तुला देईल. ये. कशीही ये. मी प्रत्येक बोटीला धक्क्यावर उभा असेन. हाकोदाते डाकघरात पत्र ठेव.

रेइजी


वाकामात्सू
७ मार्च

रेइजी,

तू मारलं नाहीस. मी हे वाक्य लिहून बघितलं, चांगलं दिसतं.

नऊ तारखेला पहाटे निघते. आईसाहेब मला सकाळी म्हणाल्या, "परवा मी मागच्या दाराची कडी लावायला विसरणार आहे. वय झालंय." मी पाया पडायला गेले तर ओरडल्या, "लोणचं उपस आधी!"

वाटेत ओनोमिचीला आईकडे तीन दिवस थांबावं लागेल. ती अंथरुणावर आहे, आणि तिकडे गेल्यावर परत भेट होणं नाही. चौदा तारखेला दुपारच्या बोटीने येते. डोक्याला निळा रुमाल असेल, केसांकडे बघू नकोस.

आता मला लिहू नकोस. मी इथे नसेन.

मित्सुए


हाकोदाते
८ मार्च

मित्सुए,

तुझं काहीच पत्र नाही. रोज डाकघरात जातो, खिडकीवाली बाई मला बघूनच मान हलवते. लाँड्रीवालीने तुला पत्र दिलं नसेल, असं वाटून जीव जातोय. म्हणून हे सरळ आईसाहेबांच्या पत्त्यावर तुझ्या नावाने पाठवतो. होईल ते होवो. पाकिटामागे माझं नाव आणि इथला पत्ता नीट लिहितो. चोरासारखं कोऱ्या पाठीचं पाकीट पाठवणार नाही, आता मी कुणाच्याच घरचा नाही तर लपू कशाला?

सुक्या माकुलांच्या गुदामात काम मिळालं. दिवसभर माकुलं सरळ करायची, दहा-दहाची जुडी बांधायची. हाताचा वास जात नाही. मालकाने फक्त नाव विचारलं, पुढे काही नाही. मी घर सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

जेवणाच्या सुट्टीत धक्क्यावर जातो, संध्याकाळच्या बोटीलाही. निळा दिवा आहे तिथे, त्याच्याखाली उभा असतो. ये गं.

रेइजी


वाकामात्सू
१२ मार्च

रेइजी,

तार केली आहे. तारेत एवढं मावत नाही म्हणून हे जलद टपालाने.

मित्सुए नऊ तारखेला गेली. कुनिमोतो दहाला सुटला. तुरुंगाच्या दारात मी एकटीच गेले होते. त्याने विचारलं, "बाकीचे?" मी घरी आणून त्याला सगळं सांगितलं. आपल्या घरात खोटं बोलत नाहीत. मित्सुए कुठे गेली तेवढं नाही सांगितलं, आणि त्याने विचारलंही नाही. दोन दिवस अंगणात बसून होता. गरम पाण्याने अंघोळ कर म्हटलं, तीही केली नाही.

आज सकाळी टपाल त्याने घेतलं. तुझं पत्र मला त्याने आणून दिलं, उघडलेलं. पाकिटाची मागची बाजू वर करून चटईवर ठेवलं आणि म्हणाला, "अक्षर सुधारलं पोराचं. मीच शिकवलं होतं." मग गाड्यांचं वेळापत्रक मागितलं.

मूर्खा, तिने तुला लिहू नकोस म्हटलं नव्हतं का? दोन दिवस दम धरवला नाही?

बाबांनी त्याला अडवलं नाही. अडवायचा हक्क नाही, तू आता आमचा नाहीस, तुझ्यासाठी बोलणार कोण? मी बोलले. तो म्हणाला, "आईसाहेब, मी फक्त बघायला जातोय." कसल्या आवाजात म्हणाला ते मला सांगता येणार नाही. चार वर्षांनी आवाज ओळखू येत नाही.

स्वयंपाकघरातली मासे कापायची लांब सुरी नाही. ती आज गेली की नऊ तारखेला, मला माहीत नाही. मित्सुए गेल्यापासून मी त्या फळीकडे बघितलंच नव्हतं.

आणखी एक. मी तारखा जुळवून बघितल्या. ती ओनोमिचीहून निघेल, तो इथून. दोघांची बोट एकच येते.

धक्क्यावर जाऊ नकोस. हे पत्र त्याच्याच गाडीने निघतंय, तेव्हा वेळेत पोचेल असं नाही.

ओदागिरी कियो


हाकोदाते
१४ मार्च

आईसाहेब,

तार मिळाली. 'कुनिमोतो निघाला. धक्क्यावर जाऊ नको. पत्र येतंय.' पत्र अजून आलेलं नाही, आणि मी धक्क्यावर बसूनच हे लिहितोय. रागावू नका.

मित्सुएचं पत्र मला दहा तारखेला मिळालं, माझं गेल्यानंतर दोन दिवसांनी. ते वाचून मी माकुलांच्या ढिगावर डोकं आपटलं. दहा वर्षांचा होतो तेव्हा दादांनी मला अक्षरं शिकवली, तेव्हाही म्हणायचे, "हा पोरगा वाट बघू शकत नाही, याला लिहायला शिकवणं धोक्याचं आहे." हसायचे सगळे.

मी नाही आलो तर ती उतरून जाईल कुठे? तिला इथे ओळखणारा माणूस मी एकटा. सकाळपासून हाच एक हिशेब करतोय आणि दरवेळी उत्तर तेच येतं. दादा कोणत्या बोटीने येणार हे मला माहीत नाही. उद्या असतील. नसतीलही. सुरा मी परवा समुद्रात टाकला, मालकाने विचारलं, काय पडलं? म्हटलं, चमचा.

शेजारी एक बाई खेकड्याचं सूप विकते. तिचा नवरा सहा वर्षांपूर्वी बोटीवर गेला तो आलाच नाही, तरी ती बोटीच्याच वेळेला दुकान उघडते. म्हणाली, गिऱ्हाईक तेव्हाच असतं. मला तिने एक वाटी फुकट दिली. मी आधी विचारलं, "याच्या बदल्यात काही करायचं नाही ना?" ती म्हणाली, "वाटी धुऊन दे." मी धुतली.

बोट दिसतेय. मोठी आहे, रांगत येते.

लागली. आधी टपालाच्या गोण्या उतरवल्या. तुमचं पत्र त्यातच असेल.

आता लोक उतरतायत. शाळेची मुलं. एक भिक्षू. सैपाकाची भांडी घेऊन एक अख्खं कुटुंब.

निळा रुमाल.

आईसाहेब, तिच्यामागे दादा आहेत. केवढे बारीक झालेत. तिची पेटी दादांच्या हातात आहे, दुसरा हात कोटाच्या आत. ती माझ्याकडेच बघतेय, पण हात वर करत नाही. दादाही बघतायत. दोघांपैकी कुणीच थांबत नाही.

पाकिटाला तिकीट लावलेलं आहे. हे सूपवालीकडे देतो, ती टाकेल.

पेटी जड दिसते. घ्यायला जातो.

रेइजी